तीन दिवस उघडी राहिलेली कमान : वसईतील धर्मग्राम परिषदांना खुले पत्र

वसई धर्मप्रांतातील धर्मग्राम परिषदांचे आणि चर्च-इमारत समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी एक निवृत्त शिक्षिका असून जन्मापासून वसई तालुक्यातल्या एका जुन्या धर्मग्रामाची (पॅरिशची) सभासद आहे. ज्या चर्चमध्ये माझा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला, लग्न लागले आणि ज्याच्या आवारातल्या दफनभूमीत माझे आईवडील विसावले आहेत, त्या इमारतीबद्दल आणि तिच्यासारख्या आसपासच्या इतर इमारतींबद्दल मला आपल्याशी बोलायचे आहे. हे पत्र मी खुले ठेवते आहे, कारण प्रश्न एका गावाचा नाही. आज एका गावच्या सभेत जुने चर्च वाढवण्याचा किंवा पाडून नवे बांधण्याचा विषय निघतो, उद्या शेजारच्या गावात निघतो. नकाशा, अंदाजपत्रक, कंत्राटदार आणि वर्गणी यांवर तासन्‌तास बोलणे होते. पण ज्या इमारतीला आपण हात लावणार आहोत ती केव्हा, कोणाच्या हातांनी, कशातून उभी राहिली आणि तिच्यात पुढे कोणते फेरफार होत गेले, याची टिपणे सभेपुढे सहसा येत नाहीत. माझी मागणी एकच आहे. कुदळ लावण्याआधी त्या इमारतीचा इतिहास लिहून काढा, तो गावापुढे वाचा, आणि मगच ठराव करा.

हे मला कशामुळे सुचले ते सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चला आतून नवा गिलावा करायचे ठरले. गवंड्यांनी सांक्रीस्तीलगतच्या (वेदीजवळच्या, उपासनेची वस्त्रे-पात्रे ठेवण्याच्या खोलीलगतच्या) भिंतीवरचा जुना चुना खरवडून काढला, तेव्हा डोक्याच्या उंचीवर घडीव दगडांची एक कमान दिसू लागली. तिचे पोट ओबडधोबड दगडांनी बुजवलेले होते. डाव्या बाजूच्या दगडावर क्रूसाची एक खूण टाकीने कोरलेली होती, इतकी उथळ की डोळ्यांना नीट दिसत नव्हती, पण बोट फिरवले की कळत होती. ते पूर्वीचे दार असेल, किंवा आधीच्या लहान चर्चची दर्शनी भिंतच नंतर वाढवलेल्या इमारतीच्या पोटात गेली असेल. पारखी नजरेचा माणूस तासाभरात सांगू शकला असता, पण अशा माणसाला बोलावण्याचे कोणाच्या मनात आले नाही. तीन दिवस ती कमान उघडी होती. चौथ्या दिवशी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला. कोणी माप घेतले नाही, छायाचित्र काढले नाही, परिषदेच्या इतिवृत्तात त्याची ओळही नाही. त्या गप्प राहिलेल्यांत मीही होते. मी हात लावून पाहिले आणि घरी गेले, याची रुखरुख अजून जात नाही.

आपल्या चर्चविषयी कोणी विचारले की आपण चटकन म्हणतो, "पोर्तुगीजांनी बांधले." यात खोटे काही नाही, पण इतिहास एवढ्यावर संपवणे बरोबर नाही. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा धर्मगुरूंच्या संघांनी किल्ल्यात आपापली चर्च आणि मठ उभारले, आणि बाहेरच्या बागायती गावांतही चर्च उभी राहत गेली. किल्ल्यातल्या संत योसेफाच्या मुख्य चर्चच्या शिलालेखात १६०१ हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांचे नाव आहे. परंतु ते चर्च सोळाव्या शतकातच उभे होते. शिलालेखातले साल नूतनीकरणाचे आहे. दारावर कोरलेल्या सालाला इमारतीचे जन्मसाल समजण्याची चूक किती सहज होते, हे त्यावरून लक्षात यावे. त्यानंतर सतराच वर्षांनी, मे १६१८ मध्ये, मोठे चक्रीवादळ आले, समुद्राचे पाणी आत शिरले, हजारो माड आडवे झाले आणि शहरातल्या मोठ्या चर्चची छपरे उडाली. ज्या भिंतींना आपण चारशे वर्षांच्या म्हणतो, त्यांच्यावरचे छप्पर किती वेळा बदलले असेल याचा विचार आपण करत नाही.

आणि बांधले म्हणजे कोणी बांधले? आराखडा पाद्र्यांचा असेल, पैसा राज्याचा किंवा संघाचा असेल, पण दगड फोडणारा पाथरवट, चुना मळणारा, तुळया तासणारा सुतार इथलाच होता. किल्ल्यातल्या संत अंतोनीच्या फ्रान्सिस्कन चर्चची जमीन पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या कोरीव दगडांनी भरलेली आहे. पदव्या, वंश, तारखा सगळे तिथे वाचता येते. दगड घडवणाऱ्याचे नाव मात्र शिलालेखांत सापडत नाही. माझ्या कमानीवरची ती क्रूसाची खूण अशाच एखाद्या माणसाच्या हातची असावी असे मला वाटते, आणि म्हणूनच ती सिमेंटखाली गेल्याचे जास्त लागते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. महाराष्ट्राच्या इतिहासातला हा मोठा विजय आहे आणि आपणही मराठी माणसे म्हणून तो शाळेत शिकलो, मी तो वर्षानुवर्षे शिकवला. त्याच वेळी आपल्या चर्चइमारतींच्या इतिहासातला सर्वांत मोठा खंडही तिथेच पडला. शरणागतीच्या अटींत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पण संघांचे धर्मगुरू आणि पोर्तुगीज घराणी निघून गेली, किल्ल्यातली चर्च ओस पडली. तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून निरनिराळ्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदाकाठी असलेली नारोशंकराची घंटा त्यांपैकीच मानली जाते, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला अशाच घंटा आहेत. त्या परत मागाव्यात असे मला अजिबात सुचवायचे नाही. पावणेतीनशे वर्षे त्या तिथे वाजत आल्या आहेत, तिथल्या भाविकांच्या झाल्या आहेत. मला एवढेच जाणवते की आपल्या पूर्वजांना मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बोलावणाऱ्या घंटेवरची अक्षरे वाचायला आपल्याला नाशिकला जावे लागते, आणि तरीही आपल्या स्वतःच्या मनोऱ्यात आज टांगलेल्या घंटेवर काय कोरले आहे ते वाचण्यासाठी आपण शिडी लावत नाही. घंटेवर ओतणाऱ्याचे नाव, साल, ज्या संताच्या नावाने तिला आशीर्वाद दिला त्याचे नाव, कधी देणगीदाराचे नाव असते. चर्चमधला नेमका तारीख सांगणारा पुरावा पुष्कळदा तोच असतो.

१७३९ नंतर काय झाले, हा भाग आपण सांगतच नाही, आणि माझ्या मते वसईच्या चर्चच्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा भाग आहे. राज्य गेले, आश्रय गेला, तरी गावांतल्या माणसांनी प्रार्थना सोडली नाही, पडक्या भिंती सावरल्या, पुढे पुन्हा छप्पर चढवले. ती माणसे कोण होती? त्यांच्या जमिनी, सारा, तंटे यांची नोंद पेशवाईच्या कारभारात झाली, आणि पेशवे दप्तर आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. म्हणजे आपल्या चर्चच्या इतिहासातला हा कालखंड पोर्तुगीजइतकाच मोडी लिपीत शोधायला हवा, हे आपल्यापैकी फारच थोड्यांच्या लक्षात येते. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच, आणि १८१८ नंतर कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हा महसुलाची दप्तरे इंग्रजीत सुरू झाली. चर्चचा कारभारही हात बदलत राहिला. गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातली ही चर्च १८८६ मध्ये नव्या दमण धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली आणि २२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कागद माणसांबरोबर प्रवास करतात. म्हणून "आमच्याकडे जुने काही नाही" असे जेव्हा एखाद्या कार्यालयात सांगितले जाते, तेव्हा ते गोव्यात, मुंबईत, पुण्यात, लिस्बनमध्ये किंवा जेझुइटांच्या रोममधल्या संग्रहात असू शकते. गोव्याचे पुराभिलेखागार तर १५९५ मध्ये सुरू झाले आणि इतिहासकार दियोगु दु कोतु हे त्याचे पहिले प्रमुख होते. तिथे पत्र पाठवून विचारायला एका टपाल तिकिटाइतकाच खर्च येतो.

मात्र सर्वांत जवळचा कागद आपल्या सांक्रीस्तीतल्या कपाटात असतो. स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये घातले, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांची व धर्मग्रामातील कुटुंबांची नोंदवहीही सांगितली. आमच्या चर्चमधली एक जुनी स्नानसंस्काराची वही प्रमुख धर्मगुरूंच्या परवानगीने मी दोन पावसाळे उतरवून घेतली. ती वही मांडीवर घेतली की तिच्यातून कसर आणि ओलसर कापसासारखा एक वास येतो. शाई लोखंडी मिश्रणाची असल्यामुळे जिथे लेखणी दाबून चालली आहे तिथे अक्षराच्या आकाराचीच भोके पडली आहेत. पानाखाली पांढरा कागद सरकवल्याशिवाय वाचता येत नाही. नोंद ठरावीक साच्याची: तारीख, बाळाचे नाव, आईबापांची नावे, धर्मपिता, धर्ममाता, पाड्याचे नाव, धर्मगुरूंची सही. १९०८ पासून विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीत समासात करणे आवश्यक झाले, म्हणून काही मुलींच्या नावांपुढे त्या कोणत्या गावी, कोणाला दिल्या तेही सापडते. एका पानावर मात्र या सगळ्या साच्याबाहेरची एक ओळ होती. जन्मनोंदींच्या मध्येच, अक्षर बारीक करून, त्या वर्षीच्या पावसात वेदीच्या डाव्या बाजूचे छप्पर कोसळल्यामुळे स्नानसंस्कार दाराजवळ केले गेले, असे लिहिले होते. इमारतीचा इतिहास असा नको तिथे लपलेला असतो. ती ओळ सापडली नसती तर डाव्या बाजूच्या तुळया उजव्या बाजूपेक्षा वेगळ्या घडणीच्या का आहेत, हे कोडे सुटले नसते.

कागदाइतकीच इमारतही वाचता येते, आणि त्यासाठी पदवी लागतेच असे नाही. शांतपणे पाहायची सवय लागते. बाहेरून भिंतीकडे पाहिले की कुठे कुठे दगडांचे थर एकमेकांत न गुंतता वरपासून खालपर्यंत एका सरळ सांध्यात थांबतात. तो सांधा म्हणजे तिथे जुनी इमारत संपते आणि वाढवलेली सुरू होते. छपरावरची मंगलोरी कौले काढून उलटी केली तर पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. ही कौले बासेल मिशनने मंगळूरला १८६५ पासून बनवायला घेतली, त्यामुळे अशी कौले असलेले छप्पर त्याआधीचे असूच शकत नाही, आणि त्याखालची कैची, म्हणजे छपराचा लाकडी सांगाडा, कौलांच्या वेळची की आधीची, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. रंग खरवडला की चुन्याच्या सफेदीचे एकावर एक पापुद्रे निघतात, मधेच निळीचा एखादा थर लागतो, खाली पिवळ्या मातीचा. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून बशीसारखा झालेला असतो. भिंतींवर बारा ठिकाणी क्रूस कोरलेले किंवा रंगवलेले असतील तर चर्चचे विधिवत अभिषेचन झाले होते. जुन्या विधीत बिशप त्या बारा जागी पवित्र तेल लावत. या खुणा गिलाव्यासाठी भिंत खरवडताना सर्वांत आधी जातात.

अलीकडच्या बदलांबद्दलही बोलायला हवे, कारण ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहेत आणि सांगणारे आता कमी होत चालले आहेत. कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेतल्या उपासनेची वाट मोकळी केली आणि मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. माझी आजी आयुष्यभर मिस्सेत जपमाळ ओढत बसत असे, कारण वेदीवर काय बोलले जाते ते तिला कळत नव्हते. उतारवयात तिने शुभवर्तमान पहिल्यांदा आपल्या भाषेत ऐकले, तेव्हा ती घरी येऊन ते सगळे पुन्हा सांगत बसली होती. त्या बदलाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. रोमच्या २६ सप्टेंबर १९६४ च्या सूचनेत मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असणे बरे असे सांगितले होते, म्हणजे धर्मगुरूंना लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता यावी. पण जुनी कोरीव वेदी मोडून टाका, वेदीपुढचा कठडा उपटा, प्रवचनपीठ अडगळीत घाला, असे परिषदेने कुठेही म्हटलेले नव्हते. उलट त्याच संविधानाच्या १२६ व्या कलमात मौल्यवान वस्तू विकल्या किंवा विखुरल्या जाऊ नयेत, त्या देवाच्या घराचे अलंकार आहेत, अशी ताकीद बिशपांना दिली आहे. आणि तरीही जगभर उपासनेच्या सुधारणेच्या नावाखाली कलावस्तू नष्ट होत आहेत असे दिसल्यावर १९७१ मध्ये रोमला त्याबद्दल वेगळे पत्र काढावे लागले. आमच्या प्रवचनपीठाची सागवानी कोरीव फळी कितीतरी वर्षे मांडवाच्या सामानाबरोबर पडवीत होती, आणि अर्धी वाळवीने खाल्ल्यावर ती काय आहे ते नव्या मुलांनी विचारले.

आता सिमेंटविषयी. मी अभियंता नाही, पण हा विषय मी समजून घेतला आहे, कारण आपल्या भिंतींचे आज होणारे नुकसान पावसापेक्षा आपल्या दुरुस्तीने अधिक होते. जुन्या भिंती दगड आणि चुन्याच्या आहेत. भाजलेला चुना भिजवून, वाळू घालून चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या गिरणीत) मळायचा, त्यात गूळ, हिरडा यांचे पाणी घालायचे, ही रीत जुन्या गवंड्यांना ठाऊक होती. असा चुना थोडा मऊ असतो आणि त्यातून ओल ये-जा करते. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंटचा गिलावा बसला की ही वाट बंद होते. ओल आतच राहते, वर चढत जाते, क्षार बाहेर पडून लोणा लागतो, तुळयांची भिंतीतली टोके कुजतात. मग समिती म्हणते, "भिंती कुजल्या, आता पाडण्यावाचून इलाज नाही." पुष्कळदा रोग भिंतीचा नसतो, तीस-चाळीस वर्षांपूर्वी केलेल्या गिलाव्याचा असतो. म्हणून पाडण्याचा सल्ला देणाऱ्या अभियंत्याला, चुन्याच्या बांधकामावर त्यांनी पूर्वी काम केले आहे का, हे आधी विचारा. केले नसेल तर ज्यांनी केले आहे त्यांचेही मत लेखी घ्या.

हे सगळे हौसेपोटी करायचे काम आहे असा समज होऊ नये. आपल्या धर्मविधिसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, ते कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. १९८३ च्या संहितेतले १२१६ वे कलम चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सांगते. १२०८ व्या कलमानुसार चर्चच्या समर्पणाचा किंवा आशीर्वादाचा लेख करून त्याची एक प्रत बिशप कार्यालयात आणि एक चर्चच्या दप्तरात ठेवायची असते. ४९१ व्या कलमाप्रमाणे चर्चच्या दप्तरातील कागदांची यादी दोन प्रतींत हवी, आणि १२८३ वे कलम मालमत्तेची बारकाईने यादी मागते. मूर्ती असो की चित्र, जुनेपणामुळे, कलेमुळे किंवा लोकांच्या श्रद्धेमुळे मौल्यवान असेल तर ती रंगवून नवी करण्याआधी ११८९ व्या कलमानुसार लेखी परवानगी लागते. आपल्या परिषदेच्या कपाटात यांपैकी किती कागद आहेत ते एकदा कपाट उघडून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे. सरकारी कायद्यावर विसंबून राहता येणार नाही. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, म्हणून तिथला ढासळलेला दगडही विचारल्याशिवाय हलवता येत नाही; पण किल्ल्याबाहेरच्या गावातले, जिथे रोज मिस्सा होते असे जिवंत चर्च मात्र बव्हंशी आपल्याच हवाली आहे. पडक्या चर्चला पहारा आणि नांदत्या चर्चला हातोडा, अशी आपली स्थिती होऊ नये.

आपली अडचण मला कळते. रविवारी निम्मे लोक बाहेर मंडपात उभे असतात, पावसात वृद्धांचे हाल होतात, पायऱ्यांवरून चाकाची खुर्ची चढत नाही. वस्ती वाढली आहे आणि चर्च वस्तूसंग्रहालय नाही, ते प्रार्थनेचे घर आहे. जुन्या लोकांनीही गरज पडली तेव्हा भिंती पुढे ढकलल्या, कमानी बुजवल्या; ज्या सरळ सांध्याविषयी मी वर लिहिले तो त्याचाच पुरावा आहे. म्हणून काहीच बदलू नका असे मी म्हणणार नाही. बाजूला नवी मोठी इमारत उभारून जुनी आराधनेसाठी, स्नानसंस्कारासाठी, लहान मिस्सेसाठी ठेवता येते. दर्शनी भिंत आणि वेदीचा भाग राखून मधला भाग रुंद करता येतो. आणि सगळे पाहूनही एखादी इमारत खरोखर धोक्याची ठरली, पाडावीच लागली, तर निदान तिचे मोजमाप केलेले नकाशे, प्रत्येक भिंतीची छायाचित्रे, घंटांवरील व थडग्यांवरील मजकुराच्या नकला आणि काढलेल्या दगड-लाकडांची यादी आपल्या हाती राहील. मग पाडणाऱ्यांनी काय पाडले ते पुढच्यांना कळेल.

इतिहास लिहायला घ्याल तेव्हा एक गोष्ट सांभाळा. आपल्याकडे जुबिलीच्या वर्षी स्मरणिका निघते आणि तिच्यात "चर्चचा इतिहास" म्हणून प्रमुख धर्मगुरूंची नावे आणि त्यांच्या नेमणुकीची साले छापली जातात. ती यादी हवीच, पण ती इमारतीचा इतिहास नव्हे. छपराच्या कामाला गावाने किती दिवस श्रमदान केले, वाळू कोणत्या खाडीतून होडीने आली, मनोऱ्याची घंटा ओढणारा माणूस मयताची घंटा पुरुषासाठी, बाईसाठी आणि लेकरासाठी कशी वेगवेगळी वाजवी, कोणाच्या शेतातला साग तुळईसाठी दिला गेला, हे ऐंशी ओलांडलेल्या माणसांना विचारून घ्या. त्यांना ते सामवेदीत, वाडवळीत, जसे बोलतात तसेच सांगू द्या आणि तसेच लिहून घ्या. प्रमाण मराठीत आणताना दगडालाकडाची, बांधणीची नेमकी नावे हरवतात. शाळेतली मुले हे काम उत्तम करतात, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीने सांगते. मोबाइल त्यांच्या हातात आहेच.

माझी वही, म्हणजे स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदींची मी केलेली नक्कल, मागेल त्या परिषदेला नमुना म्हणून दाखवायला मी तयार आहे, आणि ज्या धर्मग्रामाला नोंदवह्या उतरवायच्या असतील तिथे शनिवारी दुपारी येऊन बसायलाही तयार आहे. आमच्या परिषदेला मात्र एक वेगळी विनंती करते. सांक्रीस्तीच्या दारापासून वेदीच्या दिशेने साधारण चार पावलांवर, सिमेंटच्या आत, ती कमान अजून आहे. तिचे मी आठवणीने काढलेले रेखाचित्र, क्रूसाची खूण कोणत्या दगडावर आहे ते दाखवून, या पत्रासोबत कार्यालयात दिले आहे. ते इतिवृत्ताच्या वहीत चिकटवून ठेवावे, म्हणजे तो गिलावा पुढे कधी निघेल तेव्हा गवंड्याला आधी थांबायला सांगता येईल.

आपली नम्र,
वसई धर्मप्रांतातील एक निवृत्त शिक्षिका